पिसाळ सर आणि मांडीचा पट्टा

येत्या रविवारी अजिंक्यताऱ्यावर चढणाऱ्या शर्यतीत डॉ. मुरलीधर पिसाळ सर धावणार आहेत. सरांच्या कन्या डॉ. अस्मिता साताऱ्यात हृदयरोगतज्ज्ञ आहेत. त्यांनी वडिलांना ट्रेडमिलवर चालवून, पळवून, सगळ्या तपासण्या करून मंगळवारी होकार दिला, आणि सरांच्या पत्नी सौ. सुमनकाकूंनी मला फोन करून त्याला दुजोरा दिला. दुजोऱ्याबरोबर त्यांनी आपली अटही सांगितली. सरांनी पायथ्यापासून गडाच्या दरवाजापर्यंत वाटेत कुठेही न बसता पोचायचे. बसले, तर ही त्यांची शेवटची शर्यत. त्यानंतर फक्त सकाळचे फिरणे, आणि तेही काकूंच्या चालीने. सरांनी अट मान्य केली आहे.

त्याच रविवारी संध्याकाळी सांगलीत सरांच्या पंचाहत्तरीचा सत्कार आहे आणि हा गौरवग्रंथ तिथे प्रकाशित व्हायचा आहे. म्हणजे वाचकांच्या हाती हे पान पडेल तेव्हा शर्यतीचा निकाल लागलेला असेल. लिहिताना मला तो ठाऊक नाही. मात्र संपादकांनी मजकूर आधीच मागितला आहे, आणि नोकरीची सगळी वर्षे वर्तमानपत्रात गेल्याने मागितलेला मजकूर वेळेत देण्याची सवय लागली आहे.

सरांची आणि माझी पहिली भेटही मजकुराच्या निमित्तानेच झाली. सर तेव्हा सांगलीत एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवत होते. तिथले कोणी प्राध्यापक धावपटूंच्या पायांचे रक्त थोडा वेळ थांबवतात आणि मग त्यांना पळायला लावतात, अशी कुजबुज आमच्या कार्यालयात आली होती. मला चौकशीला पाठवले. मी सरांच्या खोलीत गेलो, नाव सांगितले, येण्याचे कारण सांगितले. सर म्हणाले, "छान. आधी झोपा."

मी तपासणीच्या टेबलावर आडवा झालो. रक्तदाब मोजायला दंडाला बांधतात तसाच, पण चांगला रुंद पट्टा सरांनी माझ्या मांडीला गुंडाळला आणि रबरी फुगा दाबत राहिले. हळूहळू पाय जड झाला, बोटे पांढुरकी पडली, मुंग्या आल्या.

"काय वाटतंय?" सरांनी विचारले.

"पाय माझा नाही असं वाटतंय."

"उत्तम वर्णन आहे. लिहून घ्या."

"वही टेबलावर राहिली, सर."

सरांनी वही आणून दिली, पेनाचे टोपण काढून दिले, आणि मी आडवा पडून, एक पाय परका झालेल्या अवस्थेत त्यांची मुलाखत घेतली. पाच मिनिटांनी त्यांनी हवा सोडली. पायात ऊन पाणी ओतावे तसे रक्त धावले. तेवढाच वेळ विश्रांती, मग पुन्हा पट्टा. असे तीन-चार वेळा झाले की माणूस पळायला तयार, असे सर म्हणाले.

"पण रक्त थांबवल्याने वेग का वाढावा?" मी विचारले.

सर मूळचे माण तालुक्यातले, दहिवडीच्या बाजूचे. त्यांनी उत्तरही तिकडचेच दिले. "आमच्या गावाला टँकर कधी येईल याचा भरवसा नसायचा. त्यामुळे आमच्या आईने तांब्याभर पाण्यात भांडी घासलेली मी पाहिली आहेत. टंचाईची सवय लागली की घर थोडक्यात निभावतं. स्नायूला थोडी थोडी टंचाई दाखवून ठेवली, तर जोराने पळताना प्राणवायू कमी पडेल तेव्हा तो तसाच निभावून नेईल का, एवढाच माझा प्रश्न आहे."

मी म्हणालो, "आम्ही सांगलीकर. आमच्याकडे नदी दर काही वर्षांनी स्वतःच घरात येते."

"म्हणून तुम्हाला पळता येत नाही," सर म्हणाले आणि दुसऱ्या मांडीला पट्टा गुंडाळू लागले.

ही कल्पना त्यांची स्वतःची नव्हती, हे सर पहिल्या दिवसापासून सांगत आले आहेत. हृदयाच्या स्नायूला आधी थोडा वेळ रक्त कमी पडले, तर पुढचा मोठा धक्का तो अधिक बरा सोसतो, असे संशोधकांना आढळले होते. तेच हातापायांच्या स्नायूंना आणि खेळाला लागू पडते का, हे जगभर लोक तपासत होते. काहींना थोडा फायदा दिसला, काहींना काहीच दिसले नाही. सरांना यापैकी कोणाचीच बाजू घ्यायची नव्हती. त्यांना सातारा-सांगलीच्या पायांवर ते तपासायचे होते.

माझी बातमी छापून आली. मजकूर माझा होता, मथळा डेस्कवर कोणीतरी दिला: 'पाय बांधा, वेगाने धावा'. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीच्या मैदानावर निम्मे लोक पाय बांधून आले होते. कोणी पंचा बांधला होता, कोणी परकराची नाडी, एका पैलवानाने सायकलची ट्यूब. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी घरीच दोन्ही मांड्या आवळल्या आणि तसेच स्कूटरवर बसून आले. मैदानाच्या फाटकाशी ते थांबले, पण त्यांना स्कूटरवरून उतरता येईना. पाय खाली टेकले की नाही हेही कळेना.

आमच्या कार्यालयात सरांचा फोन आला. मला वाटले, आता रागावतील. ते एवढेच म्हणाले, "तुमची कात्री चांगली धारेची आहे का? असली तर घेऊन या." तो पूर्ण आठवडा सर पहाटे मैदानावर जात आणि लोकांच्या मांड्यांच्या गाठी सोडत. ज्यांच्या सुटत नसत, त्यांच्या कापत. प्रत्येकाला सांगत, हे मोजून करायचे असते, डॉक्टर समोर असताना करायचे असते, आणि ज्यांना मधुमेह आहे किंवा शिरांचा त्रास आहे त्यांनी याच्या वाटेलाही जायचे नसते. स्कूटरवरच्या गृहस्थांना त्यांनी आधार देऊन उतरवले, बाकावर बसवले, रक्तदाब पाहिला आणि तो वाढलेला निघाल्यावर दवाखान्यात नेले. ते गृहस्थ आज ऐंशीच्या पुढे आहेत आणि सत्कार समितीचे खजिनदार आहेत.

सरांच्या कामाचा मोठा भाग वडूजला झाला. तिथे सुभेदार रामचंद्र काटकर निवृत्तीनंतर सैन्यभरतीसाठी पोरांची तयारी करून घेत. सरांना धावणारे पाय हवे होते आणि सुभेदारांकडे ते भरपूर होते. प्रयोगाची रचना सरांनी नीट समजावून सांगितली. निम्म्या पोरांना पट्टा घट्ट, निम्म्यांना नावापुरता सैल. कोणाचा कसा आहे हे पोरांना कळू द्यायचे नाही, पट्ट्याचा दाब दाखवणाऱ्या घड्याळावर फडके टाकायचे, आणि सुभेदारांनी कोणाशी काही बोलायचे नाही. पोरांचा विश्वास सुभेदारांवर, म्हणून पट्टा बांधायचे कामही त्यांच्याकडेच.

काही आठवड्यांनी आकडे आले आणि सर चक्रावले. सैल पट्ट्याची पोरे घट्टवाल्यांपेक्षा चांगली पळत होती, तीही सातत्याने. जगात कोणाला असे आढळले नव्हते. मिरजेला एक परिषद तोंडावर आली होती आणि सरांचे भाषण ठरले होते. विभागातल्या सहकाऱ्यांनी अभिनंदनही सुरू केले. सरांचे समाधान होईना. ते मला बरोबर घेऊन वडूजला गेले. मैदानाच्या कडेला चहा घेताना जे बोलणे झाले, ते मी जसेच्या तसे देतो.

"साहेब, पोरं झ्याक पळाली न्हवं?" सुभेदारांनी विचारले.

"सैलवाली जास्तच चांगली पळाली. तेच कळत नाही, सुभेदार."

"पळणारच की. त्यास्नी मी रोज दोन अंडी आन् शेंगदाण्याचा लाडू देत हुतो."

सरांनी कप खाली ठेवला. "का?"

"आवं, निम्म्यांस्नी औषद आन् निम्म्यांस्नी नुस्ता पट्टा, ह्यो कसला न्याय? आमच्या लंगरात एकाद्याच्या ताटात एक जिन्नस कमी पडला, तर दुसऱ्या जिनसानं भरून काढायचा. पलटणीचा रिवाज हाय त्यो."

"आणि घट्टवाल्यांना?"

"त्यास्नी पट्टा हाय की. वर अंडी बी दिली आसती, तर सैलवाल्यांवर दुबार अन्याय."

"मला सांगायचं होतंत, सुभेदार."

"तुमीच म्हणला हुता, कुणाशी काय बोलायचं न्हाई."

सर हसू लागले, आणि ते हसणे इतके लांबले की सुभेदारांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. हसू ओसरल्यावर सरांनी विचारले, "अंडी उकडलेली का तळलेली?"

"उकडल्याली."

ते त्यांनी टिपून घेतले. तेवढ्यात व्यायाम संपवून पोरे जवळ आली. त्यांतला एक म्हणाला, "सर, पुढच्या बारीला मला सैलमधी घ्या की. ह्या बारीला लय आन्याव झालाय आमच्यावर." यावरून आणखी एक गोष्ट उघड झाली. कोणाचा पट्टा कसा आहे, हे सगळ्या मैदानाला पहिल्या दिवसापासून माहीत होते. घट्ट पट्टा दुखतो आणि सैल दुखत नाही, हे लपवायला कोणतेही फडके पुरत नाही. या विषयातली ही खरी अडचण आहे, असे सर आजही सांगतात. आपल्याला काहीतरी खास मिळाले आहे असे ज्याला वाटते तो त्या वाटण्यानेही जोरात पळतो, आणि आपल्याला वगळले असे ज्याला वाटते त्याचे पाय जड होतात.

विभागप्रमुखांनी सल्ला दिला, की वडूजचा भाग भाषणातून गाळावा. अंड्यांची कुठे नोंद नाही, कोण विचारणार? सर म्हणाले, "नोंदीत नाहीत, पण पोटात गेलीत." परिषदेत त्यांनी सगळा प्रकार व्यासपीठावरून सांगितला. पट्ट्याचा उपयोग होतो की नाही हे माझ्या प्रयोगावरून सांगता येत नाही, असे ते म्हणाले. मात्र उकडलेल्या अंड्याबद्दल माझे मत अनुकूल झाले आहे, असेही त्यांनी जोडले. सभागृह हसले. बढतीच्या वर्षात स्वतःचा प्रयोग फसल्याचे उभे राहून सांगायला किती धीर लागतो, हे तिथे बसलेल्या प्राध्यापकांना माझ्यापेक्षा चांगले कळले असेल. पुढे सर्वांना सारखी अंडी देऊन प्रयोग पुन्हा झाला. घट्टवाल्यांच्या बाजूने थोडा फरक दिसला. सरांच्या शब्दांत, वारा फिरला तरी पुसून जाईल एवढा. तो त्यांनी तेवढाच छापला, आणि सहकारी म्हणून सुभेदारांचे नाव स्वतःच्या नावाशेजारी घातले. सुभेदारांचा उल्लेख ते आजही 'आमचे सहसंशोधक' असाच करतात. सुभेदार सरांचा उल्लेख 'लय मोठा माणूस, पण जेवणातलं कळत न्हाई' असा करतात.

सरांच्या पिशवीत तो पट्टा कायम असतो. रस्त्यात कोणी भेटले, जरा थकलेले दिसले, की सर त्याला कट्ट्यावर बसवून रक्तदाब पाहतात. लग्नात, बारशाला, एकदा तर नाटकाच्या मध्यंतरात त्यांनी दोन रांगा तपासल्या होत्या. नदीचे पाणी शहरात शिरले तेव्हा शाळेतल्या छावणीत सर चार दिवस राहिले. सतरंज्यांच्या रांगांमधून गुडघ्यांवर सरकत ते माणसे तपासत होते. एका म्हाताऱ्या आजींनी दंड पुढे केला नाही, त्यांनी लुगडे सावरून पाय पुढे केला.

"पायाला बांधतोस त्यो तूच न्हवं? पळायचा पट्टा?"

"मीच तो, आजी. पण तुम्हाला कुठं पळायचंय?"

"घरला. पाणी किती उतारलंय ते बघून येते."

सरांनी त्यांना दंडच पुढे करायला लावला. पट्टा सोडल्यावरही आजींनी त्यांचा हात सोडला नाही. सर शेजारी सतरंजीवर बसले आणि त्यांच्या घरात कोणती वस्तू कुठे ठेवलेली आहे, हे सगळे ऐकून घेतले. त्यांच्या दंडावर पट्टा नव्हता, तरी त्या निवांत झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सर गुडघाभर चिखलातून त्या घरी गेले, आणि परत येऊन आजींना सांगितले की देवघराच्या फळीपर्यंत पाणी पोचलेले नाही.

स्वतः पळायला सरांनी निवृत्तीनंतर सुरुवात केली. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या पायांवर प्रयोग केले, आता आपले पाय मोकळे आहेत, असे त्यांचे म्हणणे. वेगाच्या बाबतीत त्यांच्याबद्दल विशेष लिहिण्यासारखे काही नाही. ते शेवटून पहिल्या काही जणांत असतात आणि वाटेत इतरांची नाडी पाहत असल्याने आणखी मागे पडतात.

गेल्या वर्षीच्या शर्यतीत शेवटच्या वळणावर सर कठड्यावर बसले. त्यांचे म्हणणे, ते स्वतःची नाडी मोजत होते. स्वयंसेवकांना ते पटले नाही. त्यांनी सरांना रुग्णवाहिकेत घातले. सर हट्टाने पुढे चालकाशेजारी बसले आणि खाली पोचेपर्यंत चालकाचा रक्तदाब जास्त असल्याचे त्यांनी शोधून काढले होते. इकडे काकू दरवाजापाशी उन्हात उभ्या होत्या. एकेक धावपटू येत होता, सर येत नव्हते. खाली रुग्णवाहिका गेल्याचे कोणीतरी सांगितले, पण आत कोण आहे ते सांगितले नाही. काकू पायऱ्या उतरत आल्या. सर त्यांना तंबूत चहा पिताना सापडले.

काकू त्यांच्यावर ओरडल्या नाहीत. त्या मला म्हणाल्या, "भाऊ, मला त्यांच्या घड्याळातल्या वेळंशी काय करायचंय? मला माणूस घरी पायजे." मग सरांकडे वळून म्हणाल्या, "झालं तेवढं बास आता." सरांनी मान हलवली. वर्षभर त्यांनी शर्यतीचे नाव काढले नाही, आणि वर्षभर ते पहाटे उठून बूट घालून अंगणात नुसते उभे राहत, असे काकूंनी नंतर सांगितले. त्या नुसत्या उभ्या राहण्याचाच काकूंना जास्त त्रास झाला. डॉ. अस्मितांकडे त्यांना तपासायला काकूच घेऊन गेल्या.

या वेळी पट्टा काकू बांधणार आहेत. लेकीच्या देखरेखीखाली दोन वेळा तालीम झाली. घड्याळावर काकूंचा स्वयंपाकघरातला टॉवेल, आणि सरांनी छताकडे बघायचे. घट्ट की सैल ते काकू ठरवणार. "मला दुखलं की कळणारच," असे सर म्हणाले, तर काकू म्हणाल्या, "कळलं तरी न कळल्यागत ऱ्हावा. एवढी वर्सं संसारात तेच करताय."

परवा हा लेख संपवायला बसलो आणि एक गोष्ट पक्की करून घ्यावी म्हणून काकूंना पुन्हा फोन लावला.

"काकू, रविवारी घट्ट का सैल?"

"त्ये सकाळी ठरवणार. आन् तुमाला तर मुळीच सांगणार न्हाई. तुमी छापाल."

"आणि सर वाटेत बसले तर? अट कडक आहे तुमची."

फोनवर काकूंचे हसू ऐकू आले. "आवं, त्यावर ह्यांचा आधीच वाद घालून झालाय. म्हणं, बसलो आन् पट्टा सैल निघाला, तर एकडाव घट्ट बांधून बघाय नको का? न बसता पोचलो आन् पट्टा घट्ट निघाला, तर त्ये पट्ट्यामुळं का माझ्यामुळं, हे कळाय पुढल्या साली सैल बांधून पळाय नको का? एका माणसाच्या एका पळण्यावरनं काय कळत न्हाई, म्हणं."

"मग तुमच्या अटीला अर्थ काय राहिला?"

"हाय की अर्थ. बसले तर शर्यत बंद. प्रयोग बंद, आसं मी कुठं म्हणलंय?"

सरांनी यावर हिशेबही करून ठेवला आहे. एक साल घट्ट, एक साल सैल, असे आलटून पालटून केले तर विश्वास ठेवावा असा निष्कर्ष ते नव्वदी ओलांडतील तेव्हा हाती येईल. तो निष्कर्ष आम्हा सर्व विद्यार्थ्यांना, सहकाऱ्यांना आणि वडूजच्या सहसंशोधकांना हवा आहे. तेव्हा सरांनी प्रयोग मध्येच सोडू नये, पाय, हृदय आणि काकूंची मर्जी शेवटच्या नोंदीपर्यंत शाबूत ठेवावी, एवढीच आम्हा सर्वांची त्यांच्याकडे आणि परमेश्वराकडे मागणी आहे.

रविवारी सकाळी पायथ्याशी काकू पट्टा बांधतील, सोडतील, आणि सर निघतील. शेवटच्या वळणापासून दरवाजापर्यंत डॉ. अस्मिता त्यांच्याबरोबर चालतील असे ठरले आहे. संध्याकाळी सांगलीत शाल-श्रीफळ होईल, आणि उत्तराच्या भाषणात सर आजचा पट्टा कसा होता ते काकूंना सर्वांसमक्ष विचारतील, अशी अपेक्षा आहे. काकू सांगणार नाहीत. त्या पुढच्या वर्षीपर्यंत थांबायला सांगतील.